शेटे अप्पांच्या हौदातले मोती

पूर्णेत स्टेशन रोडला शेट्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि त्या दुकानात गल्ल्यामागे एक खुर्ची आहे, एवढं सांगितलं की ह्या सगळ्या भानगडीचं मूळ सांगून झालं. त्या खुर्चीवर सिद्धलिंग अप्पा शेटे उभं आयुष्य बसले. मग तिथे त्यांचा मुलगा शिवकुमार बसायला लागला. त्याने अप्पांना बाजूला एक स्टूल दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि "अप्पा, तुमी आता आराम करा की," असं म्हणून त्यांच्या हातातलं पेनांचं खोकं अलगद काढून घेतलं. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं, आणि तेच अप्पांना फार लागलं. वाकड्यात शिरणाऱ्याशी माणूस भांडू तरी शकतो. पंखा वळवून देणाऱ्याशी काय भांडणार?

गिऱ्हाईकंही अशी, की नमस्कार अप्पांना करायची आणि भाव शिवकुमारला विचारायची. एकदा एका मास्तरांना अप्पांनी चौरेघी वहीचा भाव सांगितला. मास्तरांनी आदराने मान हलवली आणि तोच भाव शिवकुमारला विचारून खात्री करून घेतली. अप्पा त्या दिवशी जेवायला जरा लवकर घरी आले ते परत दुकानी गेलेच नाहीत. आता काहीतरी असं करून दाखवायचं, की त्याचा भाव शिवकुमारला विचारताच येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. काय करायचं ते मात्र ठरत नव्हतं. ते मोबाइलने ठरवलं. घरच्या हौदात, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत मोती पिकवणाऱ्या एका गृहस्थाची चित्रफीत त्यांनी पाहिली आणि परत पाहिली, आणि तिसऱ्यांदा बायकोला दाखवली.

चन्नबसम्मांनी ती शेवटपर्यंत पाहिली. ह्या घराच्या उंबऱ्याच्या आत आजवर अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. केकसुद्धा बेकरीवाल्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय येत नसे.

"जीव हाय न्हवं त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

"हाय की. जीव हाय म्हनूनच मोती होतोय."

"मग आना. पर एक सांगते, शिवकुमारचे अप्पा. आपल्या हातानं त्यातला एकबी मारायचा न्हाई. ज्या दिवशी माराल त्या दिवशी माझा तुमच्या हौदाशी संबंध न्हाई, आन्‌ तुमच्याशी बोलनंबी न्हाई."

अप्पांनी हसून शब्द दिला. मोती पिकवायला शिंपला मारायचा कशाला? आंबा काढायला कुणी झाड तोडतं का? असा त्यांचा बिनतोड हिशेब होता.

हा हिशेब कुठे चुकला तेही आत्ताच सांगून टाकलेलं बरं. परभणीला बन्सीधर सर नावाचे एक तरतरीत गृहस्थ मोत्यांच्या शेतीचं एक दिवसाचं प्रशिक्षण देत. अप्पा गेले. पहिल्या रांगेत बसले. शिंपल्याचं पोट कुठे, कल्ले कुठे, तो पाणी आत कसं ओढतो आणि त्यातलं खाणं गाळून घेऊन पाणी बाहेर कसं सोडतो, सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. कवच आणि मांस यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तिथे बाहेरचा खडा शिरला की त्या बिचाऱ्याला टोचतो. हात नसल्याने तो खडा काढता येत नाही, म्हणून तो त्याच्यावर आतल्या आत चकाकीची पुटं चढवत बसतो. त्यालाच आपण मोती म्हणतो. हे ऐकताना अप्पांना स्टुलावरचा माणूस आठवला आणि शिंपल्याबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटली. शेवटचा तास मोती बाहेर कसा काढायचा ह्याचा होता. पण पूर्णेकडची गाडी त्या तासाच्या आधी होती, आणि पिशवी सांभाळत गाडीमागे पळायचं अप्पांचं वय राहिलं नव्हतं. लावणी जमली की काढणी काय, ती होतेच, असं म्हणून ते उठले.

हौद परसात बांधला. त्यावर शेजारच्या तात्याराव खिल्लाऱ्यांची देखरेख होती. तात्याराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन त्यांनी हिरवा झेंडा कपाटात ठेवला, पण दुसऱ्याच्या कामाला झेंडा दाखवायची सवय गेली नाही.

"शेटे, समिंदर कुठं, पूर्णा कुठं? हितं मोती कसं पिकायलेत?"

"समिंदराचे न्हाईत तात्या, नदीचे शिंपले हायेत. गोदावरीत ढिगानं सापडतेत."

"मग गोदावरीकाठचे लोक मोत्याच्या माळा घालून काहून हिंडंनात?"

 ह्याचं उत्तर मिळावं आणि जमल्यास सरकारी कागदही हाती यावा म्हणून अप्पा परभणीच्या एका कचेरीत गेले. पहिल्या टेबलाने विचारलं, पीक कोणतं? शिंपले म्हटल्यावर त्याने दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या टेबलाकडे मासे होते, कोळंबी होती, पण शिंपल्याला ना खवले ना मिशा, म्हणून तिसरं टेबल. तिसरं टेबल जनावरांचं. तिथल्या बाईंनी गंभीरपणे विचारलं, "दूध देतंय का?" आणि अप्पा काही बोलायच्या आत स्वतःच समजूतदारपणे म्हणाल्या, "काका, कागद कशाला पायजे? हौस म्हनून पाळा की." हौस! अप्पा परतीच्या गाडीत पिंगळी येईपर्यंत त्या शब्दावर धुमसत होते.

शिंपले आले ते सटवाजी भोयाने नदीतून काढून ओल्या गोणपाटात आणले. दिसायला काळपट, ओबडधोबड, जुन्या चपलेच्या टाचेसारखे. मग बन्सीधर सर आले आणि परसातल्या पाटावर शस्त्रक्रिया सुरू झाली. शिंपल्याचं तोंड जेमतेम करंगळीच्या नखाएवढं उघडायचं, पाचर लावून ठेवायचं आणि पडद्याखाली साचा सरकवायचा. साचा ज्या आकाराचा त्या आकाराचा मोती होतो. सरांच्या डबीत गणपती होते, बदाम होते, इंग्रजी अक्षरं होती. चन्नबसम्मांनी सगळी डबी पाहिली आणि विचारलं, "लिंग न्हाई का?"

तेही होतं. खालच्या कप्प्यात पुडीभर पडून होती. शेट्यांच्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात, सदऱ्याच्या नाही तर पदराच्या आत, चांदीच्या करंड्यात इष्टलिंग असतं. तान्हेपणी जंगम स्वामी ते बांधतात आणि मग जन्मभर ते अंगावरून उतरत नाही. शिंपल्यातही तेच जावं हे चन्नबसम्मांना अगदी साहजिक वाटलं. अप्पांनाही वाटलं. त्यातून पुढे काय निघेल ते त्या वेळी सरांनाही सुचलं नसतं.

एकेका शिंपल्यात साचा गेला की चन्नबसम्मा त्याच्यावर हात ठेवायच्या. "दुखत असंल का हो त्याला?" सर म्हणाले, "न्हाई मावशी, त्यांना काई कळत न्हाई." चन्नबसम्मांनी विचारलं, "तुमाला त्यांनी सांगितलं का?" सरांनी पुढचा शिंपला उचलला.

शिंपले जाळीच्या पिशव्यांत बसले आणि हौदात टांगले गेले. त्यानंतर ते मरायला लागले.

मेलेला शिंपला आपोआप उघडतो. मिटून धरण्याचं बळ गेलं की झाकण सैल पडतं. रोज सकाळी एखाद्या पिशवीत असा उघड्या तोंडाचा शिंपला दिसायचा. अप्पांनी औषध घालून पाहिलं, सावली केली, सरांना फोन लावला. तात्यारावांनी पाण्यात हळद टाकायला सांगितली, ती टाकली. समोरच्या घरातून दृष्ट काढायचा सल्ला आला, तीही काढली. मरणं थांबेना. शेवटी सर स्वतः आले आणि हौदापाशी येऊन उभेच राहिले. हौद आरशासारखा स्वच्छ होता. तळातल्या फरशीचे सांधेसुद्धा मोजता येत होते.

"हे पाणी कोन बदलतंय?"

"मी," चन्नबसम्मा अभिमानाने म्हणाल्या. "रोज पहाटं हौद घासते, तुरटी फिरवते, न्‌ फिल्टरचं पाणी सोडते. देवघरातली घागर एक वेळ राहील, पर ह्यो हौद न्हाई."

"मावशी, शिंपला पान्यातलं हिरवं खातोय. शेवाळाचा कण खाऊन जगतोय तो. ह्या पान्यात त्याला खायलाच काई न्हाई. उपाशी मेलेत ते."

 घासणी चन्नबसम्मांच्या हातातच होती. ती त्यांनी हळूच मागे धरली. पाहुण्यांनी ह्या घराची तोंडभर स्तुती करावी अशी एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, आणि ती म्हणजे स्वच्छता. तिनेच जीव घेतले होते. अप्पांना वाटलं, आता हिला काहीतरी म्हणावं, चुकून झालं म्हणावं. पण तेवढं साधं वाक्यही त्यांना वेळेवर सुचलं नाही, आणि ते सरांना चहा घ्या म्हणाले.

संध्याकाळी चन्नबसम्मा मेलेल्या शिंपल्यांची टोपली घेऊन परसातल्या बेलाखाली बसल्या. एकेक शिंपला मिटून, पांढऱ्या दोऱ्याने बांधून, विभूती लावून त्यांनी बाजूला ठेवला. अप्पा म्हणाले, "अगं, नगरपालिकेची घंटागाडी सकाळी येतीया."

"लिंग तुमी ठिवलंत न्हवं त्यांच्यात? मग आपल्यातलेच झाले ते. आपल्यातल्याला आपण काय करताव?"

पुरतो. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेट्यांच्या समाजात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि त्याचं इष्टलिंग त्याच्याच तळहातावर ठेवून त्याच्याबरोबरच जाऊ देतात. अप्पांना ह्यात खोट काढता येईना. धर्माची बाब म्हणून त्यांनी घरच्या जंगमांना, नागनाथ स्वामींना विचारलं. स्वामी दोन्ही बाजू सांभाळण्यात तरबेज. म्हणाले, "शास्त्रात शिंपल्याचं नाव न्हाई. पर नको असंबी कुठं म्हनलं न्हाई. पुरा. बेलाला खत व्हईल." अशा रीतीने बेलाखाली दफन सुरू झालं. तात्याराव कुंपणावरून पाहत होते. चेष्टा करायला तोंड उघडलं, पण चन्नबसम्मांचा चेहरा दिसला तेव्हा ते तसंच मिटलं.

मग हिरवं पाणी आणायची मोहीम निघाली. आजवर ज्या घराने ओट्यावर पाण्याचा डाग राहू दिला नव्हता, त्या घरात म्हशींच्या डबक्यातून बादल्या भरभरून यायला लागल्या. चन्नबसम्मा स्वतः पाण्यात शेणकाला कालवायच्या, नाकाला पदर लावून, पण एक दिवस चुकवला नाही. शिंपले तगले. वास मात्र गल्लीभर पसरला. समोरच्या घराने तक्रार केली आणि डासांच्या अळ्या शोधणारे लोक बॅटऱ्या घेऊन दारात हजर झाले.

"औषध सोडावं लागतंय, काका. घरोघर डेंग्यू हाय."

"औषधानं शिंपले मरतील."

"मग हौद रिकामा करा."

"रिकामा केला तर उपाशी मरतील."

बराच वेळ हुज्जत झाली. त्यातला एक जण समजूतदार निघाला. म्हणाला, गप्पी मासे सोडा. अळ्या खातात, शिंपल्यांना त्रास देत नाहीत, आणि आम्हीच फुकट देतो. म्हणजे शेट्यांच्या घरी, जिथे अंडं शिरत नव्हतं, तिथे मासे आले, तेसुद्धा सरकारी गाडीतून, भर चौकातून, पारदर्शक पिशवीत. दुसऱ्या दिवशी सून महेश्वरीला तिच्या माहेरून, चारठाण्याहून, फोन आला. "तुमच्याकडं मासे चालू झाले म्हनं?" शिवकुमार जेवताना म्हणाला, "अप्पा, दुकानात लोक काय बी विचारायलेत. एकदा तो मोती काढून दावा, म्हंजे सगळ्यांची तोंडं बंद व्हतील."

"दावतो," अप्पा म्हणाले. "तूच दुकान बंद करून बघायला येशील."

उन्हाळ्यात पाणी तापलं आणि आणखी काही शिंपले गेले. ह्यांच्यात साचा बसून बरेच महिने झाले होते. एक अप्पांच्या हातात होता, अर्धवट उघडा. अंगठा नुसता जरा आत सारला असता तर पडदा बाजूला झाला असता आणि कळलं असतं, की काही झालंय की नाही. एवढ्या खटाटोपात जीव अडकलेल्या माणसाला ते पाहावंसं वाटणारच. चन्नबसम्मा समोर दोरा हातात घेऊन उभ्या होत्या. नको म्हणाल्या नाहीत. फक्त थांबल्या. अप्पांनी अंगठा काढून घेतला आणि शिंपला मिटून त्यांच्या हातात दिला.

अखेर मोती तयार होण्याची मुदत भरली. अप्पांनी दिवस ठरवला आणि गावाला सांगितलं. खरंच शिवकुमारने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. महेश्वरीच्या माहेरची मंडळी आली, नागनाथ स्वामी आले, ते चौरेघी वहीवाले मास्तरही आले. तात्यारावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. परसात सतरंजी अंथरली होती. अप्पांसाठी शिवकुमारने घरातली हातांची खुर्ची आणून मधोमध ठेवली, आणि अप्पा तीत बसले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, हे लपवण्यात अर्थ नाही.

बन्सीधर सरांनी एक मोठा शिंपला निवडला, पाटावर ठेवला आणि सुरी काढली.

"काढा," अप्पा म्हणाले. "पर मग नीट मिटून परत सोडा त्याला."

सर हसले. "परत? अप्पा, मोती कवचाला आतून चिकटलेला ऱ्हातोय. शिंपला कापल्याबिगर निघत न्हाई. हे शेवटच्या तासाला सांगितलं होतं की मी."

"मग त्या जिवाचं?"

"टाकून द्यायचं. कोनी कोंबड्यांना घालतेत."

 अप्पांनी चन्नबसम्मांकडे पाहिलं. त्यांनी दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली नाही, डोळे वटारले नाहीत. त्या हौदाच्या कडेला बसल्या होत्या आणि त्यांचा हात पदराच्या आत, गळ्यातल्या करंड्यावर होता. अप्पांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर शिवकुमारकडे पाहत होते. समोर ती काळी, जुन्या चपलेच्या टाचेसारखी वस्तू पाटावर पडली होती. फटीतून तिने, जीभ काढावी तसा, मऊ पाय जरासा बाहेर काढला, पाटाचं लाकूड चाचपलं आणि परत आत घेतला.

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले.

"अप्पा!" शिवकुमार कानाशी आला. "एवढे लोक आलेत. एकच कापा. एकानं काय व्हतंय?"

"लोकांना चहा दे."

"आपली इज्जत जायलीय, अप्पा."

"जाऊ दे. उतरवून घ्यायची काय ती माझी घ्या. त्याच्या अंगावरचं लिंग मी उतरवायचो न्हाई."

सर व्यवहारी माणूस. त्यांनी दुसरा मार्ग काढला. "मग मेलेले कुठं टाकलेत? उन्हाळ्यातल्यांत काई ना काई झालं असंल."

"पुरलेत," अप्पा म्हणाले, आणि सगळ्यांच्या नजरा बेलाखालच्या मातीकडे गेल्या.

"मग काम सोपं हाय! उकरा की. कुदळ हाय का कुनाकडं?"

 चन्नबसम्मा उठून बेलापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात तात्याराव सतरंजीवरून उठले. ज्या माणसाने हौदाच्या पहिल्या विटेपासून अप्पांना हैराण केलं होतं, तो शांतपणे सरांजवळ गेला, त्यांची डबी मिटली, सुरी पुसून तीत ठेवली आणि पिशवी त्यांच्या खांद्याला लावली.

"सर, परभणीची गाडी लागायलीय. चला, मी सोडतो तुमाला."

"अजून लय वेळ हाय गाडीला."

"गार्ड मी हाय का तुमी?" तात्याराव म्हणाले, आणि सर निघाले.

लोक चहा पिऊन गेले. जाताना कुणी हसलं, कुणी हसू दाबलं. महेश्वरीच्या मामांनी अप्पांना "तब्येतीला जपा" असं सांगितलं, जे साधारण कोणत्या आजाराबद्दल सांगतात ते सगळ्यांना माहीत आहे. मास्तर दारातून वळून आले आणि बराच वेळ चपला शोधल्यासारखं करून म्हणाले, "शेटे, चौरेघीचा भाव तुमी सांगितला त्योच खरा होता बरं का." हे त्यांना आत्ताच का आठवलं कोण जाणे. शिवकुमारने सतरंजीची घडी केली, आणि ती हातांची खुर्ची उचलून घरात न नेता हौदाशेजारी सावलीत ठेवली.

परस रिकामं झालं. अप्पांनी पाटावरचा शिंपला उचलून पिशवीत घातला आणि पिशवी पाण्यात सोडली. गप्पी मासे जरा पांगले आणि परत आले. चन्नबसम्मा शेणकाल्याची बादली घेऊन आल्या आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर बसल्या.

"लय हसले का हो लोक?"

"हसले की."

"वाईट वाटलं?"

"वाटलं," अप्पा म्हणाले. मग तेव्हाचं राहून गेलेलं वाक्य त्यांना आत्ता सापडलं. "तू मुद्दाम न्हाई मारलंस त्यांना. घासनी हातात धरली ती मायेनंच धरलीस. मला तवाच सांगायचं होतं, पर मी सरांना चहा विचारत बसलो."

चन्नबसम्मांनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि हिरव्या पाण्याकडे पाहिलं. तळ दिसत नव्हता, पिशव्याही दिसत नव्हत्या.

"आत झालं असंल का हो लिंग?"

"झालं असंल. न्हाईतर न्हाई. आता कोनाला कळनार?"

"कशाला कळाय पायजे?" त्या म्हणाल्या. "आपलं तरी आपण कोनाला उघडून दावताव का?"

अप्पांचा हात आपोआप सदऱ्याच्या आत गेला. करंडा होता तिथेच होता, अंगाच्या उबेने कोमट. त्यांनी हात बाहेर काढला, बादली कलती केली आणि शेणाचं पाणी थोडं थोडं करून हौदात सोडलं.